वाढदिवसाची सजावट : हात आपला, चित्र परक्याचे

गेल्या पंधरा-वीस वर्षांत ठाण्यापासून कल्याणपर्यंत एक नवा धंदा वाढीस लागला आहे. लग्नाचा मंडप, दुकानाचे उद्घाटन, निवडणुकीचे व्यासपीठ या नेहमीच्या कामांच्या जोडीला आता लहान मुलांच्या वाढदिवसाची सजावट आली आहे. घोडबंदर रोडवरची संकुले, डोंबिवलीचा मानपाडा रस्ता, त्यापलीकडचे पलावा, कल्याण पश्चिमेच्या नव्या इमारती, कोठेही शनिवारी-रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये डोकावून पाहावे. एका हॉलमध्ये बर्फाचा महाल उभा असतो, दुसऱ्यात जंगल, तिसऱ्यात शर्यतीच्या मोटारी. मूल तीन-चार वर्षांचे आणि सिनेमा त्याच्या आवडीचा. पूर्वी भिंतीला चार पताका आणि दोन डझन फुगे लावले की भागत असे. आता अख्खा हॉल त्या सिनेमाच्या रंगात न्हालेला हवा असतो.

हे काम करतात कोण? पाइपची चौकट उभी करणारा, पडद्याला झालर शिवणारा, फुग्यांची कमान बांधणारा, दिवे जोडणारा आणि रात्री बारा वाजता सारे उतरवून टेम्पोत भरणारा. या हातांत मुंब्रा, कौसा, राबोडी, भिवंडी आणि कल्याणचा दूधनाका येथील आपली माणसे बरीच दिसतात. म्हणून या पानावर हा विषय घेतला आहे.

वाढदिवस साजरा करावा की नाही, याबद्दल आपल्यात मतभेद आहेत. तो प्रश्न जाणकार उलेमांचा आहे, व्यापाराच्या पानाचा नाही. ज्यांनी हे काम पत्करले आहे, किंवा ज्यांच्या घरचा मुलगा या कामावर रोजंदारीने जातो, त्यांच्यासाठी हे लिहिले आहे. कारण वस्तुस्थिती अशी आहे की काम वाढले, पण ते करणाऱ्याच्या हातात उरणारी रक्कम वाढली नाही. हे का घडते, याचा विचार कारागीर बंधूंनी केला पाहिजे.

आधी हिशोब मांडू. आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत, प्रत्येकाने आपले आकडे घालून पाहावेत. समजा, डोंबिवलीच्या एका हॉलचे काम १२ हजार रुपयांना घेतले. फुगे, फ्लेक्स आणि सिनेमातील पात्रांचे छापील कटआऊट यांचे ४ हजार. टेम्पोचे दीड हजार. मदतीला दोन माणसे, त्यांचे २ हजार. स्टँडचे भाडे १ हजार, किरकोळ ५००. राहिले ३ हजार. काम एखाद्या इव्हेंटवाल्याकडून किंवा मोबाइलवरील कंपनीकडून आले असेल आणि तिने वीस टक्के कापले, तर २,४०० रुपये तिकडे गेले. सकाळी मुंब्र्याहून माल घेऊन निघालेल्या आणि मध्यरात्री घरी परतलेल्या मुख्य कारागिराच्या हाती ६०० रुपये आले. त्याच्या मदतनिसाला त्याहून जास्त मिळाले! असे हिशोब प्रत्यक्षात अनेकांचे होतात. पण कागदावर कोणी लिहीत नाही, त्यामुळे ते दिसत नाहीत.

गिऱ्हाईक चिकट आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. ते अर्धेच खरे आहे. गिऱ्हाईक मोबाइल पुढे करते आणि म्हणते, "भाई, या फोटोत आहे अगदी तसंच हवं." आपणही सांगतो, "होऊन जाईल ताई." त्या क्षणी आपण आपली कारागिरी बाजूला ठेवली आणि फोटोची नक्कल विकायला काढली. तोच फोटो ताईंनी आणखी चार जणांना पाठवलेला असतो. फ्लेक्स त्याच छापखान्यातून येणार, फुगे मुंबईच्या त्याच अब्दुल रहमान स्ट्रीटवरून किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून येणार. मग चौघांमध्ये फरक राहिला कशाचा? फक्त दराचा. ज्याचा दर कमी त्याचे काम. नकलेचा धंदा दर पाडूनच चालतो, तो दुसऱ्या कशावर चालूच शकत नाही.

आणि ही नक्कल आहे तरी कोणाच्या मालाची? सिनेमातील पात्राचे चित्र हे मालकीचे असते. 'छोटा भीम' २००८ साली दूरचित्रवाणीवर आला, तो हैदराबादच्या ग्रीन गोल्ड या कंपनीचा. 'फ्रोझन' हा २०१३ चा चित्रपट डिस्नेचा. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यानुसार चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षे टिकतो, आणि चित्राचा हक्क चित्रकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे. जाणूनबुजून हक्कभंग केल्यास कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये निकाल दिला की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. एखादी आई घरच्या घरी मुलासाठी आवडत्या पात्राचे चित्र काढते, तिची गोष्ट वेगळी आहे, खासगी वापराला कायद्यात सवलत आहे. मोबदला घेऊन तेच चित्र आठवड्याला तीन ठिकाणी लावणाऱ्याने त्या सवलतीच्या आडोशाला उभे राहू नये, असे मला वाटते.

मध्यंतरी बाजारात एक बातमी फिरली की मिकी माऊस आता सर्वांना मोकळा झाला. बातमी अर्धवट आहे. १ जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत १९२८ सालच्या पहिल्या लघुपटातील मिकीचा कॉपीराइट संपला, एवढेच घडले. तो जुना काळा-पांढरा मिकी. लाल चड्डीतला, हातमोजे घातलेला मिकी त्यात नव्हता, आणि कंपनीचा ट्रेडमार्क तर कायमच आहे. त्या बातमीच्या भरवशावर कोणी कटआऊटचा साठा करून ठेवू नये.

कोणतीही कंपनी डोंबिवलीच्या एखाद्या हॉलमध्ये केक कापताना छापा घालायला येणार नाही, हे मलाही कळते. भीती घालण्याचा माझा हेतू नाही. सांगायचे एवढेच की जो माल कायद्याने आपला नाही, त्याच्या जोरावर दुकानाची पाटी लावता येत नाही. जाहिरातीत त्याचा फोटो टाकता येत नाही, मोठ्या मॉलचे किंवा शाळेचे काम मिळाले तर बिलावर त्याचे नाव लिहिता येत नाही. धंदा कायम चोरट्या पावलांनी चालतो आणि लहानच राहतो.

यातून वाट आहे, आणि ती आपल्या हाताच्या फार जवळची आहे. सिनेमाचे चित्र मालकीचे असते, पण पुष्कळ सिनेमांच्या मुळाशी असलेली गोष्ट कोणाचीच नसते. 'जंगल बुक' चे पुस्तक किपलिंगने लिहिले, तो १९३६ साली वारला, त्याच्या पुस्तकावरचा हक्क आपल्याकडे केव्हाच संपला. मोगली, बगीरा, शेरखान हे पुस्तकातले आहेत, आणि गोष्टीतले जंगल आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातील सिवनीचे आहे. डिस्नेने १९६७ साली काढलेला अस्वलाचा चेहरा उचलू नका, आपले अस्वल आपण काढा. 'फ्रोझन' ची कल्पना हान्स अँडरसनच्या 'हिमराणी' या १८४४ सालच्या परीकथेवरून सुचलेली आहे. बर्फ, महाल, हिमकण, निळा-पांढरा रंग यांवर कोणाचा शिक्का आहे?

आणि अलादीन! ही गोष्ट तर आपल्या कारागिरांनी आधी हातात घ्यायला हवी होती. अल्फ लैलाच्या जुन्या अरबी हस्तलिखितांत अलादीन सापडत नाही. हलबचा, म्हणजे अलेप्पोचा, हन्ना दियाब नावाचा तरुण १७०९ साली पॅरिसमध्ये होता. त्याने ती गोष्ट गालाँ या फ्रेंच भाषांतरकाराला सांगितली आणि गालाँने ती छापली. डिस्नेने तीवर १९९२ साली आणि पुन्हा २०१९ साली चित्रपट काढला, आपल्याकडे दूरदर्शनवर १९९३ मध्ये 'अलिफ लैला' आली. निळ्या रंगाचा गलेलठ्ठ जिन डिस्नेचा आहे, तो त्यांना लखलाभ. दिवा, गालिचा, बाजारपेठ, कमानी, जाळीच्या खिडक्या, चंद्र आणि घुमट कोणाचे नाहीत.

आता पाहा, या एका विषयात किती जणांचे काम आहे. जाळीची कमान पुठ्ठ्यातून किंवा पातळ प्लायमधून कापायची, ती सुताराची. गालिच्याची किनार आणि पडद्यावरचा चंद्र जरीकाम करणाऱ्याचा. जरीचे काम घटल्यामुळे अड्डा गुंडाळून ठेवलेले कारागीर मुंब्र्यात शोधावे लागत नाहीत. दिवा पितळेचा, एकदा घेतला की दहा वर्षे पुरतो. कंदील बांबूच्या कामट्यांचे आणि पतंगी कागदाचे, आकाशकंदील करणाऱ्याला ते डाव्या हाताचे काम. पडद्याचे कापड भिवंडीच्या मागावरचे. कागदाची फुले आणि पताकांच्या माळा घरी बसून करणाऱ्या भगिनी आहेतच. त्यांना नगावर मिळणारा दर इतका पडका असतो की तो लिहायलाही संकोच वाटतो. हे काम थेट आपल्या हिशोबात घेतले तर मधला दलाल वगळून त्यांना दोन पैसे जास्त देता येतील. ज्यांना माणसांचे, प्राण्यांचे चेहरे काढणे मनाला पटत नाही, त्यांच्यासाठीही जाळी, वेलबुट्टी आणि भूमितीच्या नक्षीत जन्मभर पुरेल इतके काम आहे. ते काम फ्लेक्सच्या यंत्रावर होत नाही.

मुलाला मात्र त्याचा आवडता नायक दिसलाच पाहिजे, नाहीतर ते हिरमुसते. यावर साधा उपाय आहे. पालकांना सांगावे, मुलाकडे त्या पात्राचे खेळणे असेल ते घेऊन या. बहुतेक घरांत ते असतेच, आणि दुकानातून रीतसर घेतलेले असते. नसेल तर कंपनीच्या परवान्याने विकले जाणारे बाहुले किंवा टोप्या मिळतात, त्या पालकांनी आणाव्यात. ते खेळणे मधोमध, आपल्या कमानीखाली, दिव्याच्या उजेडात ठेवावे. मुलाला आपले खेळणे राजासारखे बसलेले पाहून जो आनंद होतो, तो चार फुटी छापील कटआऊट पाहून होत नाही. मोठ्या मुखवट्यांना आणि वेश घातलेल्या माणसांना तर तीन वर्षांची मुले कित्येकदा घाबरून रडतात.

उंचीचाही विचार कोणी करत नाही. चार वर्षांच्या मुलाची उंची साधारण १०० सेंटीमीटर, म्हणजे सव्वातीन फूट. आपण सजावट करतो सहा फुटांच्या माणसासाठी आणि कॅमेऱ्यासाठी. ज्याचा वाढदिवस आहे त्याला दिसतात टेबलाचे पाय! जमिनीपासून तीन फुटांपर्यंतच्या पट्ट्यात काही तरी ठेवा. टेबलाच्या झालरीवर गुहेचे दार शिवा, गालिचा खाली अंथरा, झाडाच्या बुंध्यात एक ससा बसवा. खर्च जवळपास काही नाही, पण घरी गेल्यावर मूल आठवडाभर त्याच सशाबद्दल बोलत राहते, आणि पुढचे काम तेथूनच येते.

रंगांबद्दल माझे मत थोडे जुन्या वळणाचे आहे. रंगीबेरंगी म्हटले की आपण दुकानातील सगळे रंग लावतो आणि हॉल फुग्यांच्या दुकानासारखा दिसू लागतो. दोन रंग घ्यावेत आणि एक चमक घ्यावी. अलादीनला जांभळा आणि गडद हिरवा, वर सोनेरी. बर्फाला पांढरा आणि निळा, वर रुपेरी. जंगलाला दोन हिरवे पुरतात, त्यात पळसाच्या फुलांचा केशरी. दिवेही रंग पाहून लावावेत. सोनेरी कामावर पिवळसर उजेडाचे, ३००० केल्विनच्या आसपासचे दिवे. बर्फावर पांढरेशुभ्र, ६५०० चे. उलटे केले तर जरी राखाडी दिसते आणि बर्फ मळका. जाता जाता एक गोष्ट : हिमकणाला सहा टोके असतात. कागदाच्या आठ घड्या करून आठ पाकळ्यांचे हिमकण कापणारे पुष्कळ आहेत, आणि गिऱ्हाईक शिकलेले असेल तर ते मनात हसते.

हाताने रंगवलेला पडदा महाग पडेल, असे कोणी म्हणेल. पुन्हा हिशोब करू. फ्लेक्स समजा दीड हजाराचा. त्यावर मुलाचे नाव छापलेले, म्हणून तीन तासांनी तो कचरा. कापडाचा आठ बाय आठ फुटी पडदा शिवून, रंगवून समजा ६ हजारांना पडला आणि वीस वेळा वापरला, तर एका वेळचे ३०० रुपये झाले. नाव पडद्यावर लिहायचेच नाही. पुठ्ठ्याची अक्षरे कापून ठेवायची आणि दोरीत ओवायची. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या वेगळ्या कापल्या म्हणजे थोड्या संचात कोणतेही नाव जुळते. डोंबिवलीच्या गिऱ्हाइकाला मराठीत लिहिलेले नाव फार आवडते, इंग्रजी अक्षरांचे फुगे तर सगळीकडेच असतात. पडदा घडी करून पेटीत ठेवला की मुंब्र्याच्या दहा बाय बाराच्या खोलीतही दहा विषयांचे दहा पडदे मावतात. थर्माकोलचा एक महाल ठेवायला मात्र वेगळे गोदाम लागते.

आणि हे रंगकाम आपल्याला नवीन थोडेच आहे! कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव हे संगीत नाटकांचे पडदे रंगवत होते, तेथून ते सिनेमाकडे वळले. पुढे बाबूरावांनी १९२४ मध्ये 'कल्याण खजिना' काढला, तो आपल्याच कल्याणच्या इतिहासावर. एम. एफ. हुसेन मुंबईत उमेदवारीच्या काळात सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवत असत. मुंबईच्या आल्फ्रेड टॉकीजमध्ये शेख रहमान हे सिनेमाचे फलक हाताने रंगवत, त्यांच्या कामावर २०१५ साली 'ओरिजिनल कॉपी' नावाचा माहितीपट निघाला. फ्लेक्सचे यंत्र आले आणि फलक रंगवणाऱ्यांचे हात रिकामे झाले. त्यांतले काही घरांना रंग देऊ लागले, काहींची मुले आता फुगे फुगवतात. ज्या सिनेमाने हे काम काढून घेतले, त्याच सिनेमाच्या निमित्ताने ते परत मिळवता येईल, अशी ही संधी आहे. मोठ्या ब्रशचे काम जाणणारा एखादा बुजुर्ग मोहल्ल्यात असेल तर त्याला बोलवावे, दोन मुले त्याच्या हाताखाली द्यावीत. अशी माणसे दहा वर्षांनी मिळणार नाहीत.

प्लास्टिकचा कायदाही त्याच दिशेने ढकलतो आहे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. गणेशोत्सवापुरती सूट मागायला थर्माकोलवाले उच्च न्यायालयात गेले, ती मिळाली नाही. केंद्राने १ जुलै २०२२ पासून देशभर जी यादी लागू केली, तिच्यात सजावटीचे थर्माकोल आहे, फुग्याची प्लास्टिकची काडी आहे, प्लास्टिकचे झेंडे, चमचे, पेले, ताटल्या आहेत, आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरही आहे. राज्याच्या नियमात पहिल्या वेळी ५ हजार, दुसऱ्या वेळी १० हजार, तिसऱ्या वेळी २५ हजार रुपये दंड आणि तीन महिने कैद आहे. बाजारात हा माल अजूनही मिळतो, हे खरे आहे. पण १२ हजारांच्या कामात ५ हजारांचा दंड भरावा लागला तर काय उरेल? तेव्हा पुठ्ठा, कापड, कागद, बांबू.

फुग्यांबद्दल मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण येथे मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे. छताला तरंगणारे फुगे हवे असतील तर त्यांत हेलियम भरावा लागतो. हेलियम बाहेरून येतो आणि महाग असतो. म्हणून काही फुगेवाले हायड्रोजन भरतात, कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियमचे तुकडे टाकून तो जागच्या जागी तयारही करतात. हायड्रोजन क्षणात पेट घेतो. फुग्यांचा गुच्छ, खाली केक, केकवर मेणबत्त्या आणि भोवती वीस मुले, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. गॅसचा फुगा मागवला तर सिलिंडर कोणता, तो स्वतः पाहावा आणि शंका वाटली तर काम सोडावे, पण तो फुगा हॉलमध्ये आणू नये. खरे तर तरंगणाऱ्या फुग्यांची गरजच नसते. साध्या हवेचे फुगे दोऱ्याने छतावरून टांगले तर खालून पाहणाऱ्या मुलाला फरक कळत नाही, आणि हेलियमचा साधा रबरी फुगा दुसऱ्या दिवसापर्यंत तसाही खाली येतो. फुटलेल्या रबराचे तुकडे लहान मुले तोंडात घालतात आणि ते घशात अडकतात. कार्यक्रम संपेपर्यंत एक माणूस हे तुकडे वेचण्यासाठीच ठेवावा. फवाऱ्याचा नकली बर्फ ज्या वायूच्या दाबाने बाहेर येतो तो बहुधा ज्वालाग्राही असतो, तेव्हा मेणबत्ती पेटलेली असताना तो डबा आपल्या माणसाच्याच ताब्यात असावा.

आपण कापड आणि कागद वापरायला सांगतो आहोत, तेव्हा आगीची जबाबदारी आपल्यावर दुप्पट येते. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिलच्या गच्चीवरील हॉटेलांना आग लागली आणि १४ माणसे गेली. तेथे वाढदिवस साजरा करायला आलेलेही लोक होते. गच्चीवरील आच्छादने आणि सजावट यांमुळे आग झपाट्याने पसरली. सुती पडद्याला नाटकवाले पूर्वीपासून एक उपाय करतात : सुमारे ७०० ग्रॅम टाकणखार आणि ३०० ग्रॅम बोरिक ॲसिड सात लिटर गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड भिजवायचे, वाळवायचे, मग रंगवायचे. कापड जळतच नाही असे नव्हे, पण ज्योत पसरत नाही. एक तुकडा आधी उघड्यावर पेटवून पाहावा. धुतल्यावर परिणाम जातो, पुन्हा भिजवावे लागते. पॉलिस्टरवर हा उपाय चालत नाही. मिश्रण आणि पडदा दोन्ही मुलांच्या तोंडाशी येणार नाहीत असे ठेवावे. मेणबत्ती पडद्यापासून चार हात दूर, हॉलचे दुसरे दार सजावटीने झाकलेले नसावे, आणि वाळूची किंवा पाण्याची बादली टेबलाखाली असावी. हे गिऱ्हाइकाला सांगून करावे. जो सजावटवाला आगीची काळजी घेतो त्याला आई-बाप पुढच्या वर्षी सोडत नाहीत.

सोसायट्यांचे नियम अलीकडे कडक झाले आहेत. भिंतीला खिळा नाही, चिकटपट्टी नाही. यासाठी एक इंची जीआय पाइपची स्वतःच्या पायावर उभी राहणारी चौकट करून घ्यावी. पाइपचे तुकडे चार-चार फुटांचे असावेत, म्हणजे लिफ्टमध्ये बसतात, रिक्षात बसतात, आणि शनिवारी दुपारी मुंब्र्याहून डोंबिवलीला लोकलच्या लगेजच्या डब्यातूनही नेता येतात. टेम्पोचे दीड हजार वाचले तर वरच्या हिशोबात ६०० चे २,१०० झाले.

लग्नाच्या कामाला चातुर्मास आहे, रमजान आहे, आणि त्या महिन्यांत मंडपवाला हात बांधून बसतो. मुले मात्र बाराही महिने जन्मतात. या दृष्टीनेही मंडपाच्या धंद्याला हे काम पूरक आहे.

सरकारी योजनांबाबत थोडक्यात. उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून आहे, फुकट होते, ती करून घ्यावी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत सुतार, शिंपी, माळा करणारे, पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारे आहेत. रंगारी आणि मंडपवाले नाहीत, हे चुकीचेच आहे आणि त्यासाठी मागणी झाली पाहिजे. तोवर एकत्र काम करणाऱ्या गटातील सुताराने आणि शिंप्याने तरी अर्ज करावा. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटीची नोंदणी लागत नाही, मात्र हिशोबाची वही लागतेच.

राहिला प्रश्न करारनाम्याचा. "घरचंच काम आहे भाई, नंतर बघू" या शब्दावर बुडालेले पैसे मोजले तर मुंब्र्यात एक इमारत उभी राहील. व्यवहार लिहून ठेवावा, ही शिकवण आपल्याला नवी नाही. एक पानी छापील अर्ज पुरे : तारीख, हॉल ताब्यात मिळण्याची वेळ, उतरवण्याची वेळ, काय काय लावणार त्याचा तपशील, निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली केक कापण्यापूर्वी, आणि ऐन वेळी सांगितलेल्या वाढीव कामाचा वेगळा दर. अर्जावर एक ओळ अशीही असावी की छापील सिनेमाची पात्रे आम्ही लावत नाही, खेळणे आपण आणावे. पहिल्या दोन-तीन गिऱ्हाइकांना हे खटकेल. त्यांच्यासमोर आपल्या कामाचे फोटो ठेवावेत आणि जमल्यास पडद्याचा एक हातभर तुकडा सोबत न्यावा. जरीवर बोट फिरवल्यावर दराची भाषा बदलते, हा अनुभव लग्नाचे काम करणाऱ्यांना आहेच. मे महिन्याच्या सुट्टीत बहुतेक कुटुंबे गावी जातात आणि हॉल रिकामे असतात. पडदे रंगवायला, अक्षरे कापायला तेच दिवस बरे, कारण जूनमध्ये शाळा उघडल्या की चौकश्या सुरू होतात.